खांद्याला शेक, कोपराला नाही

ताई, तुमच्या बहिणीनं दार उघडलं आणि विचारलं, "आपण कोण?"

"मी पौडकडून आले. प्रमिलाताईंची पेशंट."

"कसली पेशंट?"

"हाताची," मी म्हणाले. "हात मोडला होता माझा."

त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. समोर हार घातलेला तुमचा फोटो होता, तरुणपणीचा, दोन वेण्यांचा. तो मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्या फोटोतल्या मुलीपुढे मला रडू येईना. खोलीत तुमचे विद्यार्थी होते, शेजारी होते. प्रत्येकजण हळू आवाजात तुमच्याविषयी काहीतरी सांगत होता. कुणाचा गुडघा, कुणाची मान, कुणाच्या वडिलांचा अर्धांगवायू. माझी पाळी आली तेव्हा मी पुन्हा तेवढंच म्हणाले, की हात मोडला होता, ताईंनी बरा केला. हे खोटं नव्हतं. पण इतकं अपुरं होतं, की परतीच्या एस.टी.त बावधन मागे पडलं, पिरंगुट आलं, तरी मी त्या एका वाक्यापाशीच अडून बसले होते. म्हणून आज लिहायला घेतलंय. तुमच्याशीच बोलते. दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, असं तुम्हीच मला बजावून ठेवलं होतं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी गावच्या शाळेवर होते. आमच्या वस्तीपासून शाळेत जायचं तर भातखाचरांच्या बांधावरून जावं लागे. श्रावणात बांध शेवाळलेला होता. पाय सरकला आणि सगळं अंग उजव्या हातावर आलं. कोपर मोडलं. पुण्याला सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं, आणि ते निघालं तेव्हा हात माझा राहिलाच नव्हता. कोपर अर्धवट वाकून बसलेलं, आणि इतके दिवस झोळीत अडकून राहिल्यानं खांदाही आखडलेला. वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना. फळ्यावर लिहायचं तर खालच्या वीतभर जागेत, तेही डाव्या हातानं उजव्याला आधार देऊन. मागची मुलं उठून उभी राहायची आणि माना उंचावून वाचायची.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुठून तरी ऐकून आल्या. म्हणाल्या, "पौडाला स्टँडामागं त्या दवाखान्यात एक बाई येती पुण्याची. इजेच्या यंत्रावर शेक देती म्हनं. जाऊ आपुन."

तुम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. धर्मादाय दवाखान्यातली ती मागची खोली, तिच्यात एक लाकडी खुर्ची, एक लाकडी बाक आणि करड्या रंगाचं कपाटाएवढं यंत्र. आम्ही दारात गेलो तर तुम्ही पिरंगुटच्या एका मास्तरांवर ओरडत होतात. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं नव्हतं. "मास्तर, शाळेत मुलांना एकदा सांगितलेलं कळलं नाही की काय करता तुम्ही?" मास्तर ओशाळून हसले. मला तुम्ही पहिल्याच क्षणी आवडला नाहीत, हे आज सांगायला हरकत नाही.

मग माझी पाळी. बांगड्या काढायला सांगितल्यात. जोडवी. केसातल्या पिना. आणि शेवटी गळ्यातलं.

आत्याबाई बाकावरून उठल्या. "ह्ये न्हाई काढायचं. माजा ल्योक जित्ता हाय."

"असू दे की आजी. शंभर वर्षं जगू दे," तुम्ही म्हणालात. "पण खांद्याला शेक द्यायचाय. ह्या यंत्राजवळ सोनं तापलं तर सुनेचा गळा भाजेल. तुम्हीच धरून बसा मुठीत. तुमच्याइतकं जपून दुसरं कोण ठेवणार?"

आत्याबाईंनी माझं मंगळसूत्र मुठीत घेतलं, मूठ छातीशी धरली आणि लांब भिंतीपाशी जाऊन बसल्या. पुढे कितीतरी वेळा त्या अशाच बसल्या.

यंत्र सुरू करण्याआधी तुम्ही दोन काचेच्या नळ्या आणल्यात. एकीत गरम पाणी, एकीत माठातलं. "डोळे मिटा. काय लागतंय ते सांगत जा." खांद्यावर लावलीत. गरम. गार. गरम. दंडावर, कोपराच्या बाहेरच्या अंगाला, सगळं मी पटापट सांगितलं. शाळेतल्या हुशार मुलीसारखं वाटत होतं मला. मग तुम्ही थांबलात. बराच वेळ काहीच लागेना, म्हणून मी डोळे मिटूनच विचारलं, "संपलं का?"

तुम्ही म्हणालात, "डोळे उघडा."

गरम पाण्याची नळी माझ्या हाताच्या आतल्या अंगावर, कोपराच्या खाली टेकलेली होती. मी ती बघत होते आणि मला ती लागत नव्हती.

"करंगळी बधिर वाटते का?"

"प्लास्टरमुळे झालीय," मी म्हणाले.

"प्लास्टरच्या आधी?"

मला आठवेना. तुम्ही कोपराच्या मागे बोटानं चाचपलंत, एकदा, दोनदा, मग डावं कोपर चाचपलंत, पुन्हा उजवं. हाताच्या आतल्या बाजूला एक फिकट चट्टा होता माझ्या, रुपयापेक्षा मोठा. "हा कधीपासून?" मी म्हणाले, "शिबं आहे ते. लग्नाच्या आधीपासूनचं असेल." यंत्राच्या दोन लांब हातांच्या टोकांना ताटलीएवढ्या चकत्या होत्या, त्या तुम्ही माझ्या खांद्याच्या पुढून आणि मागून आणल्यात, मधे कोरडे पंचे घातलेत.

"खांद्याला शेक देणार," तुम्ही म्हणालात. "कोपराला नाही."

आत्याबाई भिंतीपासून म्हणाल्या, "आवं पन मोडलंय कोपार. शेक खांद्याला दिऊन काय व्हनार?"

तुम्ही बटण फिरवलंत. यंत्र हळूच गुणगुणायला लागलं. यंत्र चालू झालंय का बघायला एक लहानसा दिवा तुम्ही चकत्यांजवळ धरलात आणि तो वायर नसताना पेटला. आत्याबाईंची मूठ आणखी घट्ट झाली. मी विस्तवाची वाट बघत होते. लाल तार दिसेल, धग येईल, असं काहीतरी. तसं काहीच आलं नाही. कातडीला काही कळलंच नाही आधी. मग खांद्याच्या अगदी आत, हाडाजवळ, कुठेतरी ऊब सुरू झाली. पौषात सकाळी उन्हाला पाठ देऊन बसल्यावर जसं अंग सैल होत जातं तसं, पण आतून बाहेर.

"नुसती सुखाची ऊब वाटली पाहिजे," तुम्ही सांगितलंत. "चटका बसला, टोचलं, तर तोंडानं सांगायचं. सहन करायचं नाही."

सहन करायचं नाही, असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, ताई.

शेक संपल्याबरोबर तुम्ही मला भिंतीपाशी उभं केलंत आणि बोटांनी भिंत चढायला लावलीत. पडल्यापासून पहिल्यांदा हात कानापर्यंत गेला. मी हरखून गेले. पुढच्या वेळी मात्र मी भांडायच्या तयारीनं आले. एका खाचराची खुरपणी उरली होती, म्हणून आत्याबाई तिकडे गेल्या होत्या, मी एकटीच होते. त्या दिवशीही तुम्ही खांद्यालाच शेक दिलात आणि कोपराला नुसता हातानं व्यायाम. माझ्या आधी गेलेल्या बाईंच्या कोपराला मात्र शेक मिळाला होता. मी दारातून बघितलं होतं.

"त्यांच्या कोपराला दिलात, माझ्या का नाही?" मी विचारलं. तुम्ही पंचे उचलायला लागलात, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बौद्धवस्तीतली आहे म्हणून?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. मग दार लोटून घेतलंत, समोर स्टूल ओढून बसलात आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतलात.

"जिथं गरम लागलेलं तुम्हाला कळत नाही," तुम्ही म्हणालात, "तिथं मी शेक दिला तर हात आतून भाजेल. आणि तुम्हाला कळणार नाही. मलाही कळणार नाही, कारण मी तुमच्या सांगण्यावरच चालते."

"पण का कळत नाही?"

"कोपरामागची नस जाडजूड झालीय. आणि तो चट्टा शिबं नाही. डॉक्टरांनी बघेपर्यंत मी नक्की म्हणणार नाही. पण मला कुष्ठरोगाची शंका येतेय. अगदी सुरुवातीचा."

आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणतात. देवळाच्या पायरीवर बसलेली, चिंध्या गुंडाळलेली माणसं मला डोळ्यासमोर दिसली. मी हात ओढून घ्यायला गेले. तुम्ही सोडला नाहीत. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून अंग चोरून चालली, ते मी पाहिलं होतं. आम्ही ते सगळं टाकून, नवा धम्म घेऊन, शिकून, मास्तरीण होऊन इथवर आलो होतो. आणि आता माझ्याच अंगातून पुन्हा तेच उगवलं, असं मला त्या घडीला वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, कारण तुमचे हात तसेच होते, माझ्या हाताभोवती, बाहेर पुढचा पेशंट खोकेपर्यंत.

"बरं होतं हे," तुम्ही म्हणालात. "लवकर सापडलंय. हात वाचेल तुझा, सुमन." त्या दिवसापासून मला तुम्ही 'तू' म्हणायला लागलात.

पुण्याच्या डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन गेलात, तुमच्या सुट्टीच्या दिवशी. शाळेला कोपराच्या तपासणीचं सांगितलं. डॉक्टरांनी चट्ट्याची कातडी तपासली, तुमचं खरं ठरलं, गोळ्या सुरू झाल्या. परत येताना स्टँडवर उसाचा रस पाजलात आणि तिथेच आपलं पहिलं भांडण झालं.

"कुणाला सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात. "कुणाला म्हणजे कुणालाच. तुझा रोग पसरणारा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मग सांगून काय मिळणार? लोक मुलं शाळेत पाठवायची बंद करतील. तुला काढून टाकायला त्यांना रोग पसरायची गरज नाही, नुसतं नाव पुरेल."

"ह्यांना सांगावं लागेल."

"नवऱ्यालाही नको. मी बघितलंय गं, काय होतं ते."

काय बघितलं होतं तुम्ही? मी त्या वेळी विचारलं नाही, कारण मी चिडले होते. नंतर विचारलं नाही, कारण तुम्ही तो विषय निघाला की पंच्यांच्या घड्या घालायला लागायच्या. त्या दिवशी तुमच्या बहिणीला विचारता आलं असतं. पण ज्यांना मी कोण तेच धड सांगू शकले नाही, त्यांना काय विचारणार?

मी ह्यांना सांगितलं. हे तहसील कचेरीत शिपाई होते. संध्याकाळी चपला काढून ओट्यावर बसले होते, आमची मुलगी उज्ज्वला मांडीवर होती, तीन-चार वर्षांची. ऐकून घेतलं. विचारलं, "बरं व्हतंय का?"

"व्हतं म्हणत्यात."

"मंग झालं."

मला वाटलं, संपलं, किती सोपं होतं. पण दुसऱ्या दिवशी ह्यांनी आईला सांगितलं. ह्यांनी आईपासून कधी काही लपवलेलं नव्हतं, त्यात त्यांना वावगं वाटलंही नाही. रात्री जेवायला बसले तर माझ्यापुढे वेगळी थाळी आली, कोनाड्यात पडून असलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. पाण्याचा तांब्या वेगळा. आणि उज्ज्वलाचं अंथरूण माझ्याजवळून उचलून आत्याबाईंनी आपल्याजवळ नेलं. पोरगी रडली. आत्याबाईही रडल्या. त्या दुष्ट नव्हत्या, ताई. त्या घाबरल्या होत्या.

मंगळवारी मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाल म्हणून मी तयार होते. तुम्ही म्हणालात, "आत्याबाईंचा गुडघा कसा आहे?"

"दुखतोय. का?"

"शुक्रवारी घेऊन ये."

आत्याबाई यायला तयार नव्हत्या. पण त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं आणि त्या साली लावणीत त्या दोन ओळींच्या वर टिकल्या नव्हत्या, ते दुःख मोठं होतं. शुक्रवारी आल्या. आधी माझ्या खांद्याला शेक झाला. पावसाळी हवेत पंचे वाळत नसत, म्हणून तुम्ही ते दवाखान्याच्या चुलीवर धरून वाळवायच्या. ओला पंचा असला तर तिथं शेक एकवटतो आणि भाजतं, म्हणून त्यात तुम्ही तडजोड करत नसायच्या. माझे पंचे कोरडे होते. तेच उचललेत आणि आत्याबाईंच्या गुडघ्याला गुंडाळायला लागलात.

आत्याबाईंनी पाय मागे घेतला. "हिचं पंचं?"

"हो, हिचेच."

"दुसरं न्हाईत?"

"आहेत. ओले आहेत." तुम्ही गुडघे टेकून त्यांच्यापुढे बसलात. "आजी, आठवड्यातनं दोनदा मी हिचा हात माझ्या हातात धरते. पंचा माझ्या मांडीवर असतो. मला काही व्हायचं असतं तर आधी मला झालं असतं. हिच्या अंगात जे आहे ते औषधानं मरतंय आणि ते कुणाला लागणारं नाही. तुमच्या गुडघ्यातलं मात्र मी हात लावल्याशिवाय जाणार नाही. सांगा, लावू?"

खिडकीबाहेर कंडक्टर कुणाला तरी हाका मारत होता. मग आत्याबाईंनी पाय पुढे केला.

यंत्र गुणगुणायला लागलं. थोड्या वेळानं आत्याबाईंचा चेहरा बदलला. "आगं, आत ऊन पडलंय जनू," त्या मला म्हणाल्या. डोळे मिटले आणि तशाच बसून राहिल्या.

त्या रात्री वेगळी थाळी आली. दुसऱ्या दिवशीही आली. मी मनात तुम्हाला बोल लावला. मग एका सकाळी अंगणात बघते तर ती जर्मनची थाळी कोंबड्यांपुढे, पाणी घालून ठेवलेली. त्या रात्री उज्ज्वला माझ्याजवळ झोपली. त्या विषयावर आमच्या घरात पुन्हा बोलणं झालंच नाही.

खांदा सुटला. कोपर मात्र हळूहळू, दुखत दुखत. त्याला तुम्ही शेवटपर्यंत शेक दिला नाहीत. तुमच्या हातांनी ते वाकवायच्या, ताणायच्या, मी ओरडायचे, तुम्ही थांबायच्या, पुन्हा सुरू. घरी घमेल्यात भिजवलेलं भात उपसायला लावलंत, विहिरीवर रहाट ओढायला लावलंत. चुलीपासून मात्र हात लांब ठेव, तव्याला फडकं लावूनच हात लाव, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आजही माझा डावा हात आपोआप पुढे होतो.

आपलं दुसरं भांडण त्या कोपराचं. ते पूर्ण सरळ झालं नाही. मी म्हणायचे, "थोडा जरी शेक दिला असता तर झालं असतं. खांदा बघा, शेकानंच सुटला." तुम्ही चिडायच्या. "शेकानं नाही सुटला! शेकानं तो तेवढा वेळ मऊ होतो. त्या वेळात तू हात वर नेलास म्हणून सुटला. नुसता शेक घेऊन घरी जाऊन बसली असतीस तर तसाच राहिला असता." मी म्हणायचे, मग कोपराला मऊ व्हायची संधीच मिळाली नाही, तेच तर म्हणतेय मी. तुम्ही म्हणायच्या, वाकडं कोपर चालेल, भाजलेलं नको. ह्या भांडणात कोण बरोबर, हे मला अजून कळलेलं नाही. तुमचंच बरोबर असेल. पण तुमच्यापुढे ते कबूल करायची माझी तयारी नव्हती, आणि बहुतेक तुम्हालाही मी भांडलेली आवडायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला वार लिहिला. अक्षर जरा तिरकं आलं. मागच्या रांगेतलं कुणी उभं राहिलं नाही. मी खडू ठेवला आणि मुलांना वाचायला सांगून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुमच्याशिवाय हे कुणाला कळण्यासारखं नव्हतं. शुक्रवारी सांगितलं तर म्हणालात, "बरं. आता डाव्या कोपऱ्यातनं उजव्या कोपऱ्यापर्यंत लिही." एवढंच. पण तोंड फिरवून यंत्राची वायर गुंडाळायला लागलात, आणि ती वायर तुम्ही आधीच गुंडाळून ठेवली होती.

नंतर गोळ्या संपल्या. डॉक्टरांनी मला बरी म्हटलं. चट्टा फिकटच राहिला, करंगळी अजून अर्धी झोपलेली आहे, पण बोटं सगळी सरळ आहेत. तुम्ही पौडला यायचं थांबवल्यावर मीच पुण्याला यायला लागले, दरवर्षी नवा आंबेमोहोर घेऊन. तुम्हाला तो शिजवता यायचा नाही. पाणी जास्त घालून तुम्ही त्याची पेज करायच्या आणि वर म्हणायच्या, "छान वास येतो नाही?" मी खाल्ली आहे ती पेज, ताई. कितीदा.

आणि ह्या उन्हाळ्यातली ती शेवटची भेट. चहा पिताना मी म्हणाले, "तालुक्याच्या शिक्षकांची सभा आहे. मी उभी राहून सांगणार आहे, मला कुष्ठरोग झाला होता. चट्टा बधिर असला तर दाखवा, बरा होतो, हे सांगणार आहे."

तुम्ही कप खाली ठेवलात. "नाही."

"आता कशाची भीती? माझी नोकरी पक्की आहे. माझी बोटं बघा."

"उज्ज्वला दहावीत आहे. चार वर्षांत तिचं लग्न. तेवढं होऊ दे."

"तोवर किती जणींचे हात जातील?"

तुमचा आवाज चढला. "तुझ्या हाताची जबाबदारी मी घेतली होती. गावाची नाही! तुला कुणी तोडून बोललं, तुझ्या मुलीला कुणी नाकारलं, तर मी काय करू शकणार आहे? माझं यंत्र तिथं चालत नाही."

मी पिशवी उचलली. तुम्ही फाटकापर्यंत आलात. आपण दोघीही धुसफुसत होतो. मी वळून बघितलं नाही. पाठीमागून तुम्ही म्हणालात, "कोपर सरळ करत राहा. सोडू नकोस." तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं एवढंच. मी हो म्हणाले की नाही, मला आठवत नाही. सभेला मी गेले आणि गप्प बसून आले.

तुमच्या घरून परत आल्यावर मी आधी उज्ज्वलाला बसवून सगळं सांगितलं. तिनं मधेच थांबवलं. "मला म्हाईत हाय की आई. आजीनं जाताना सांगितलं व्हतं मला. म्हणाली, तुझ्या आईला तांब्या येगळा दिला व्हता मी, तू तसं कुणाला करू नगंस." एवढं बोलून ती पुन्हा भूगोलाकडे वळली. मी तिच्याजवळ बसून राहिले. ज्या मुलीसाठी आपण दोघी इतकं भांडलो तिला ते आत्याबाई गेल्या तेव्हापासून, दोन वर्षं माहीत होतं, ताई. तुम्हाला हे सांगायला कुठं यायचं आता?

काल संध्याकाळी हौसा आली. वरच्या आळीतली, जमीनजुमला असलेल्या घरची सून. तिचा मुलगा माझ्या वर्गात आहे. मुलाच्या अभ्यासाचं विचारायच्या निमित्तानं आली, पण उजवा हात पदराखाली होता. चहा दिला तर डाव्या हातानं घेतला. मी म्हणाले, "हौसा, हात दाखव."

"काय न्हाई बाई. तव्याचं जरा लागलंय."

"कधी लागलं?"

तिनं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "कळलंच न्हाई वो. वास आला जळाल्याचा, मंग बघितलं." तिच्या डोळ्यांत तीच भीती होती. "कुणाला सांगू नगा बाई. घरातनं हाकलून देतील मला."

माझ्या तोंडावर तुमचं वाक्य आलं होतं, ताई. कुणाला म्हणजे कुणालाच नको. मला तुमच्यावर राग नाही. ते वाक्य तुम्ही माझ्या प्रेमापोटी बोलला होतात, आणि मी त्याच्या आडोशानं इतकी वर्षं निभावली. तुम्ही असतात तर मी आधी पुण्याला आले असते, तुम्हाला विचारलं असतं, आपण पुन्हा भांडलो असतो. पण विचारायला कुणी नव्हतं आणि हौसा माझ्यापुढे बसली होती.

मी पोलक्याची बाही वर सारली आणि तिला माझा चट्टा दाखवला.

"मलाबी हेच झालं व्हतं," मी म्हणाले. "रगतपिती. बरी झाले मी."

हौसा माझ्या हाताकडे बघत राहिली. "बाई, तुमी? आन् शाळेत शिकिवताय?"

"शिकिवते की. तुझ्या पोरालाच शिकिवते."

तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. तळवा टरारून फुगला होता. तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मला घिऊन चला."

उद्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघी पुण्याला जातोय.